गाळलेली दीड मिनिटं

समाधानकडं ती कॅसेट आली तेव्हा नव्याण्णव सालचा आषाढ सरत आला होता. बारामतीत एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत त्याचं दुकान होतं, लेकीच्या नावानं काढलेलं, 'दिशा व्हिडिओ'. दहा वर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन त्यानं बारामती-इंदापूरकडची लग्नं टिपली होती आणि त्या साली छाती करून कॉम्प्युटर घेतला होता. कॅसेटवरचं चित्र आत ओढून घेणारं कार्ड, सीडी लिहायचं यंत्र, सगळं पुण्याहून आणलं. 'जुन्या लग्नाच्या कॅसेटची सीडी करून मिळेल' अशी पाटी दारात टांगली. लोक यायला लागले होते. कॅसेटींना बुरशी धरत होती आणि ज्याच्या त्याच्या घरी सीडीचा प्लेअर येत होता.

कॅसेट घेऊन आला तो अंथुर्ण्याचा माऊली. एमआयडीसीत एका डेअरीवर कामाला होता, रोज मोटारसायकलवर ये-जा करायचा. त्यानं पिशवीतून कॅसेट काढली, फडक्यात गुंडाळलेली. म्हणाला, "आमच्या जयवंताच्या लग्नाची हाय. तुमीच काढलेली, चौऱ्याण्णवला."

समाधानला काही आठवेना. एका मोसमात पन्नास-साठ मांडव व्हायचे, ध्यानात राहायचे ते फक्त भांडणाचे. माऊलीनं मग उभ्या उभ्याच सांगितलं. जयवंता त्याची धाकटी बहीण. पळसदेवला दिली होती. दोन वर्षांनी पोटुशी असताना कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं, फोटो तिकडंच राहिले, मागायला कोण जाणार. घरात तिचं म्हणून आता एवढी एक कॅसेट होती. म्हातारा बाप, गेणूतात्या, रोज संध्याकाळी रानातून आला की हातपाय धुऊन ती लावायचा. तीन वर्षं रोज. आता चित्रात पांढऱ्या रेघा यायला लागल्या होत्या.

"आबांना जन्मापास्नं ऐकू येत न्हाय," माऊली म्हणाला. "बोलता बी येत न्हाय. नुसतं बगत बसत्यात. आई चुलीपुढनं ऐकती."

समाधाननं कॅसेट दिव्याला धरून पाहिली. फीत झिजली होती, पण तुटली नव्हती. आठवड्यानं ये म्हणाला.

काम सोपं वाटलं होतं. दोन तासांची कॅसेट, दोन तास चालू ठेवायची, ती आत जाते, मग तिच्या दोन डिस्का लिहायच्या. त्यानं तसं केलं, पहिली पाच मिनिटं लावून बघितली आणि माऊलीच्या हातात दिल्या. चौथ्या दिवशी माऊली परत आला, ओशाळल्यासारखा. डिस्का सोबत होत्या. सुरुवातीला हळदीपर्यंत ठीक होतं, म्हणाला, पण पुढं पुढं आवाज मागं पडत गेला. जयवंता उखाणा घेते ती तोंड मिटून, आणि ती खाली बघायला लागली की मग उखाणा ऐकू येतो. शेवटी तर ती आईच्या गळ्यातून सुटून गाडीत बसते, दार लागतं, आणि मग मोकळ्या अंगणातून आवाज येतो, "आई, येते गं."

"आईनं टीव्हीवर पदर टाकला," माऊली म्हणाला. "म्हणली, मेलेलं माणूस मागनं हाक मारल्यावानी वाटतंय. बंद करा."

"आणि तात्या?"

"आबांना चालली. आबांना आवाजाचं काय?"

दोघंही थोडंसं हसले. समाधानला पुढं कित्येक दिवस त्या हसण्याची लाज वाटायची.

पण त्या दिवशी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या दुकानातून असं काम गेलं, याची. त्यानं माऊलीच्या देखत त्या दोन्ही डिस्का हातांनी वाकवून मोडल्या. बिघडलेला माल दुकानाच्या नावानं गावात फिरायला नको. पैसे घेणार नाही, नवीन करून देतो, म्हणाला आणि त्याच दुपारी कामाला बसला.

आधी त्याला वाटलं, कॉम्प्युटरचं घड्याळच मंद असेल, म्हणजे आवाज सारखा थोडा थोडा मागं पडत असणार. तसं असतं तर सोपं होतं, आवाज थोडा आवळला की झालं. त्यानं खुणा शोधल्या. एका बाईच्या हातून तांब्या पडतो, तो जमिनीला लागतो तेव्हा आवाज यायला हवा. मंगलाष्टकं संपतात, अक्षता उडतात, त्याच क्षणी ताशा सुरू व्हायला हवा. नारळ फुटतो. अशा खुणांपाशी किती फरक पडतो ते वहीत लिहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की फरक सारखा वाढत नाही. बराच वेळ जागच्या जागी राहतो, मग एकदम अर्ध्या सेकंदानं, एका सेकंदानं उडी मारतो. अशा सात उड्या होत्या. त्यानं कॅसेट पुन्हा आत घेतली. त्याच सात जागा.

त्या जागा लावून बघितल्यावर कारण कळलं. तिथं फीत झिजून पांढरी पडली होती. चित्र फाटायचं, वर-खाली व्हायचं, मध्येच बर्फ पडल्यासारखं दिसायचं. कॉम्प्युटरला ते फाटकं चित्र घेता यायचं नाही, तो तेवढ्या चौकटी, म्हणजे फ्रेमा, सोडून पुढं जायचा, आवाज मात्र पुरता घ्यायचा. म्हणजे प्रत्येक जागी चित्र पुढं सटकत होतं आणि आवाज मागं राहत होता. आजार सापडला तसा समाधानला आनंद झाला. एवढी फीत बरोबर सातच ठिकाणी का झिजावी, हे मनात आलं होतं त्याच्या. घरातल्या कुणा पोरानं रिमोटशी खेळ केला असेल, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

उपाय दोन होते. एक, चित्र होतं तसं ठेवायचं, आणि त्या जागचा तेवढा जादा आवाज कापून टाकायचा. त्यानं एका जागी तसं करून बघितलं. आवाज जुळला, पण ते फाटके, धक्के खाणारे दहा-बारा सेकंद डोळ्यांना टोचत राहिले. दुसरा उपाय, ती जागाच काढून टाकायची, चित्र आणि आवाज दोन्ही, आणि अलीकडचं पलीकडच्याला जोडायचं. सातही जागी काही घडत नव्हतं. नवरी पाटावर बसलेली, नाहीतर बाजूला उभी, कॅमेरा नुसता तिच्यावर थांबलेला. कुणी बोलत नव्हतं, मागं बँड नाहीतर बायकांचा गलबला. पांढऱ्या रेघांमधून तिचा हात हललेला दिसायचा, मुंडावळ्या सारख्या करत असेल, माशी हाकलत असेल. समाधाननं ते सगळं कापलं. सात जागा मिळून दीड मिनिट. बँडचा ठोका ठोक्याला असा जोडला की जोड कानाला कळू नये.

काम झाल्यावर त्यानं उखाणा लावून बघितला. ओठ हलले, शब्द आले. गाडीत बसायच्या आधी ती आईच्या गळ्यात पडली आणि तिथंच, तिच्या तोंडून, "आई, येते गं" आलं. बायकोला, करुणाला, त्यानं जेवायला घरी गेल्यावर सांगितलं की आज एका मेलेल्या पोरीचा आवाज तिच्या तोंडात परत घातला.

आणखी एकदा खात्री करायला म्हणून त्यानं कॅसेट तिसऱ्यांदा लावली होती, तेव्हा शेवटच्या झिजलेल्या जागी ती मशीनमध्ये अडकली. ओढून काढावी लागली. गुंता झाला, मधेच तुटलीही. त्याला फार वाईट वाटलं नाही, डिस्का तयार होत्या. तो फितीचा गुंता पिशवीत घालून त्यानं माऊलीला दिला, आता ही काही कामाची नाही म्हणाला. इंदापूरच्या एका मोठ्या लग्नाचं काम आलं होतं आणि कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती, म्हणून जयवंताच्या लग्नाची आत घेतलेली सगळी चित्रं त्यानं पुसून टाकली.

माऊली दोन दिवसांनी टोपलीभर दोडके आणि एक भोपळा देऊन गेला. आईनं पाठवलेत म्हणाला. आई तीनदा बघून रडली आणि रात्री पोटभर जेवली, खूप दिवसांनी.

भाद्रपदात, गणपती उठल्यावर, एका सकाळी दुकानाच्या पायरीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. एसटीनं एकटाच आला होता. समाधाननं काय पाहिजे विचारलं तर त्यानं कानाला हात लावून हलवला, मग पिशवीतून दोन डिस्का काढून काउंटरवर ठेवल्या. त्यावरचं आपलंच अक्षर समाधाननं ओळखलं. हा गेणूतात्या.

डिस्कवर ओरखडा गेला असेल असं त्याला वाटलं. त्यानं म्हाताऱ्याला खुर्ची दिली, डिस्क लावली. चित्र स्वच्छ होतं, आवाज जुळलेला होता. समाधान मान हलवून बघत राहिला, काय चुकलं म्हणून. गेणूतात्याचं लक्ष पडद्यावर होतं. हळदीच्या मधे एका जागी त्यानं एकदम हात वर केला. समाधाननं थांबवलं. ती पहिली जोडाची जागा होती. इतकी चांगली जोडलेली की त्याला स्वतःलाही पटकन सापडली नसती.

म्हाताऱ्यानं पडद्याकडं बोट केलं, मग दोन बोटं कात्रीसारखी चालवली. मग स्वतःचा उजवा तळवा छातीपुढं आडवा धरला आणि तो थरथरवला. थरथरवून मूठ मिटली, आणि भुवया उंचावून समाधानकडं बघितलं. पुन्हा पडद्याकडं बोट. हे इथं होतं, असं.

पुढची जागा आली. पुन्हा हात वर. या वेळी त्यानं कानाची पाळी धरून ओढली, तोंड वाकडं केलं आणि गालातल्या गालात हसला. ते हसणं त्याचं नव्हतं. नव्या नवरीनं मान खाली घालून चोरून हसावं तसं ते होतं, टोपी घातलेल्या, दाढीचे खुंट वाढलेल्या तोंडावर. काय आहे ते अजून समाधानला कळलं नव्हतं, पण आपण काहीतरी केलं आहे एवढं कळलं.

सातही जागा गेणूतात्यानं दाखवल्या, एकही चुकवली नाही. दोन्ही डिस्का संपल्या तेव्हा तो हात जोडून उभा राहिला, देवळात उभं राहावं तसा. परत दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. समाधाननं मान हलवली, करतो, बघतो, अशा खुणा केल्या. खोटं बोलायला जीभ लागत नाही.

त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि म्हाताऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवून अंथुर्ण्याला निघाला. वाटेत मनाशी जुळवत होता काय सांगायचं ते. फीत तिथं मुळातच खराब होती, तिथं काही नव्हतंच, असं सांगायचं त्यानं ठरवलं.

घर गावाबाहेर रानातच होतं, पुढं भोपळ्याचा मांडव. माऊलीची आई, चंद्राबाई, भाजी निवडत बसली होती. माऊलीची त्या दिवशी सुट्टी होती. समाधाननं ठरवलं होतं तेच सांगितलं. चंद्राबाईनं ऐकून घेतलं, मग नवऱ्याकडं वळून हातांनी काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं, भराभर, आणि पुन्हा तो तळवा थरथरवला. चंद्राबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बसा, समाधानभाऊ," ती म्हणाली.

तिनं जे सांगितलं ते असं. गेणूतात्या लहानपणापासून कुणाशी बोललेला नव्हता. लग्नानंतर तिनं कामापुरत्या खुणा बसवल्या, पाणी, वैरण, पैसे, बाजार. माऊलीही तेवढ्यावरच भागवायचा. पण जयवंता चालायला लागली तशी ती बापाच्या हातांत हात घालून वाढली आणि दोघांनी आपली आपली एक बोलीच उभी केली. रोज तिच्यात भर घालायचे. चंद्राबाईला त्यातलं निम्मं कळायचं, निम्मं कळायचं नाही. दोघं बांधावर बसून तासन्‌तास बोलायची आणि मधेच मोठ्यानं हसायची, काय झालं म्हणून विचारलं तर पोरगी सांगायची नाही.

"लग्नात आमी तिला दटावलं हुतं," चंद्राबाई म्हणाली. "म्हणलं, चार लोकांत हातवारे करू नगं, सासरची नावं ठेवतील. मग ती मान खाली घालून गुपचूप बोलायची. हे कॅमेऱ्याच्या मागं उभं ऱ्हायचे, तुमच्याच मागं. ती ह्यांच्याशी बोलत हुती, आन् तुमी ते काढत हुता."

समाधानला तेव्हा आठवलं. कॅमेऱ्यामागं खांद्याशी येऊन उभं राहणारा, हटवून न हटणारा कुणीतरी म्हातारा. उजेड अडतो म्हणून त्यानं त्याला दोनदा कोपरानं मागं सारलं होतं.

तळवा थरथरवला म्हणजे मोटार. तात्याला पंप चालू आहे की बंद हे ऐकून कळायचं नाही, पाइपावर तळवा ठेवून तो ओळखायचा, तीच ती खूण. मांडवात हळद लागत असताना पोरगी विचारत होती, मोटार बंद करून आलात का. कान ओढला म्हणजे, बँड फार वाईट वाजवतायत, तुम्ही सुटलात. तिसऱ्या जागी, जेवलात का. चौथ्या ठिकाणी नवऱ्याच्या मामाच्या मिशांची टिंगल होती. एकेक जागा चंद्राबाईनं नवऱ्याला विचारत उलगडून सांगितली. तिनं कधी बापाचं आणि लेकीचं इतकं बोलणं एका जागी सांगितलं नव्हतं, सांगताना ती स्वतःच मधे थांबायची.

"हे रोज तितं आलं की थांबवायचे," माऊली हळूच म्हणाला. "रिमोटनं. एकेक जागा धा-धा मिंटं. परत मागं न्यायचे, परत बगायचे."

थांबवलेली फीत एकाच जागी घासत राहते, हे समाधानला कुणी सांगायची गरज नव्हती. पोरानं केलेला खेळ म्हणून त्यानं जे सोडून दिलं होतं, ते हे होतं. जिथं जिथं ती बापाशी बोलली तिथं तिथं बापानं फीत झिजवली, आणि जिथं जिथं फीत झिजली तिथं तिथं त्यानं कात्री चालवली.

"आणि सातवं?" त्यानं विचारलं. "गाडीत बसायच्या आधीचं?"

चंद्राबाईनं मान हलवली. "ते मला ठावं न्हाय. मी कदी इचारलं न्हाय, त्येंनी कदी सांगितलं न्हाय. ते त्या दोघांचंच."

समाधाननं मग खरं सांगितलं. आत काहीच शिल्लक नाही, आपण पुसलं. पहिल्या वेळच्या डिस्कांमध्ये हात होते, फाटके का असेना, पण होते, त्या आपण मोडल्या. माऊली खाली बघत होता, त्याच्यासमोरच मोडल्या होत्या. चंद्राबाई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी हट्ट केला म्हणून झालं. मला आवाज पायजे हुता. ह्यांना चाललं हुतं की तसंच."

समाधाननं फितीचा गुंता मागितला. तुटली असली तरी फीत असते, साफ करता येईल, जोडता येईल, काहीतरी निघेल. माऊली उठला आणि अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि समाधाननं त्याच्या नजरेमागं बघितलं.

घरामागं अर्धा एकर बाजरी होती, कणसं दुधात आलेली. आणि बाजरीवर, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत, काळी फीत ताणून बांधली होती. वाऱ्यानं ती फिरत होती, उन्हात चमकत होती, आणि वारा वाढला की घूं असा आवाज करत होती. पाखरं येऊ नयेत म्हणून आता सगळेच बांधत होते. कॅसेट कामातून गेली की तिचा तेवढाच उपयोग.

"डिस्क झाली हुती न्हवं," माऊली म्हणाला. "मला वाटलं, वाया कशाला घालवायची. आबांनीच दुसरं टोक धरलं हुतं. त्येंना मी सांगितलं न्हाय कशाची ते."

दोघं बाजरीत शिरले. सोडायला गेलं तर गाठी सुटत नव्हत्या, फीत ताणून दोऱ्यासारखी झाली होती, कुठं पिळली होती, तीन आठवड्यांच्या उन्हापावसानं तिच्यावरचा काळा रंग बोटांना लागत होता. गेणूतात्या अंगणातून बघत होता. आपण राखलेल्या बाजरीतली फीत ही माणसं का काढतायत हे त्याला कळेना. त्यानं बायकोला हातानं विचारलं. चंद्राबाईनं बाजरीकडं बोट केलं, टीव्हीचा चौकोन हवेत काढला, आणि दोन बोटं गालाला लावली. गालावर तीळ होता पोरीच्या, ते तिचं नाव होतं.

गेणूतात्या जागच्या जागी खाली बसला. मदतीला आला नाही, उठलाही नाही. ते दोघं फीत गोळा करून बाहेर आले तरी तो त्या रिकाम्या बांबूंकडंच बघत होता.

पुढचे तीन महिने समाधाननं लग्नाची कामं कमी केली. फितीचे तुकडे स्पिरिटच्या कापसानं पुसले, वह्यांखाली दाबून सरळ केले, चिकटपट्टीनं जोडून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात भरले. एक व्हीसीआर त्यात कामातून गेला, मग जुन्या बाजारातून दुसरा आणला. पुण्याला एका माणसाकडं कॉम्प्युटरची हार्ड डिस्क घेऊन गेला, पुसलेलं परत मिळतं का बघायला. त्यावर इंदापूरचं लग्न लिहिलं गेलं होतं, खाली काही उरलं नव्हतं. करुणा म्हणायची, तुम्ही जाणूनबुजून थोडंच केलं. तो मान हलवायचा. जाणूनबुजून केलं नव्हतं हे खरं होतं, आणि त्याचा उपयोग काही नव्हता.

सगळ्या फितीतून बर्फच निघाला. फक्त एका ठिकाणी, चार सेकंद, बर्फामागं एक हात दिसला. हिरव्या बांगड्यांचा हात, तो वर येतो, गालाजवळ जातो आणि खाली येतो. समाधाननं ते चार सेकंद पन्नासदा बघितले. त्याला वाटलं, हात गालाला लागतोय, म्हणजे ती स्वतःचं नाव सांगते आहे. मी, जयवंता. त्यानं ते चार सेकंद परत परत येतील अशी डिस्क बनवली आणि डिसेंबरात एका रविवारी एसटीनं अंथुर्ण्याला गेला.

घरात टीव्हीवर फडकं टाकलेलं होतं. तात्या आता टीव्हीपुढं बसत नाही, चंद्राबाईनं सांगितलं. तो रानात गेला की ती आपली लावते, आवाज ऐकते, आणि तो यायच्या आत बंद करते, चोरी केल्यासारखी. तिनं नवऱ्याला बोलावून आणलं. समाधाननं डिस्क लावली.

गेणूतात्या आधी दारातच उभा होता. हात पडद्यावर आला तसा तो पुढं आला, वाकला, काचेला नाक लागेल इतका जवळ गेला. हात वर यायचा, गालाशी जायचा, खाली यायचा. असं कितीतरी वेळा झालं. समाधानला त्याची पाठच दिसत होती. मग तो सरळ झाला, वळला, आणि मान हलवली. स्वतःचं मनगट दुसऱ्या हातानं धरून ते जाड असल्याचं दाखवलं, आणि पलीकडच्या घराकडं बोट केलं.

"बानूबाई," चंद्राबाई म्हणाली. "माझी जाऊ. ती हळद लावती हाय. जयवंता न्हाय ती."

समाधाननं डिस्क काढली. त्यांना सांगा, माझं चुकलं, मला माफ करा, असं तो चंद्राबाईला म्हणाला. ती थोडा विचार करून म्हणाली की चुकलं हे सांगता येईल, माफ करा याला आमच्यात खूण नाही. तोवर गेणूतात्या रानाकडं निघून गेला होता.

चहा झाला. समाधान निघाला तेव्हा चंद्राबाई मांडवापर्यंत सोडायला आली. काहीतरी सांगायचं राहिलं होतं तिचं.

"आता इसरायला लागल्यात," ती म्हणाली. "परवा मला इचारत हुते, ते शेवटचं कसं हुतं म्हणून. एक बोट की दोन. आधी कपाळाला की आधी छातीला. करून दाखवत्यात, परत पुसत्यात, परत दुसरं करून दाखवत्यात. मी काय सांगू? मला कुठं ठावं हाय?"

फाट्यावर एसटीची वाट बघत समाधान उभा राहिला. तिथून ते रान दिसत होतं. बाजरी कधीच निघाली होती, शाळू गुडघ्याएवढा झाला होता. बांधावर गेणूतात्या पाठमोरा बसला होता. त्याचा उजवा हात वर गेला, कपाळाशी थांबला, खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा वर गेला, या वेळी आधी छातीशी. मग तो हात हवेतच राहिला, पुढं कुठं जायचं ते न कळल्यासारखा.

एसटी आली. समाधान चढला आणि पलीकडच्या बाजूच्या सीटवर जाऊन बसला.